'अल्मा' की 'पार्थेनोस': एका शब्दामागचा ज्यू इतिहास

सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने इ.स. 50 च्या दशकात पत्रं लिहिली, तेव्हा नवा करार नव्हता. त्याच्यासाठी 'शास्त्र' म्हणजे ज्यूंचे धर्मग्रंथ, आणि तो उतारे देतो ते बहुतेक ग्रीक भाषांतरातून. ते भाषांतरही ज्यूंचंच. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंसाठी आधी तोराची (ज्यू धर्मग्रंथांच्या पहिल्या भागाची) 5 पुस्तकं ग्रीकमध्ये आली, बाकीची हळूहळू. 72 भाषांतरकारांच्या आख्यायिकेवरून त्याला 'सेप्टुअजिंट', म्हणजे 'सत्तर', म्हणतात. 'ख्रिस्त' हा शब्दही त्यातलाच: हिब्रू 'माशियाह', ग्रीक 'ख्रिस्तोस', अर्थ 'अभिषिक्त'.

ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यात सगळ्यात मोठा वाद पेटला तो यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 7:14 या वचनावरून. इ.स.पू. 735 च्या सुमारास अराम आणि इस्राएलचे राजे यरुशलेमवर चालून आले होते, तिथला, म्हणजे यहूदाचा, राजा आहाज हादरला होता. यशया त्याला खूण देतो: एका 'अल्मा'ला मुलगा होईल आणि त्याला बरं-वाईट कळायच्या आत या दोघांचे देश ओसाड पडतील. म्हणजे खूण त्याच पिढीसाठी होती. 'अल्मा' म्हणजे वयात आलेली तरुणी. कौमार्यच सांगायचं तर 'बतूला' हा शब्द जास्त जवळचा. सेप्टुअजिंटने इथे 'पार्थेनोस', कुमारी, लिहिलं आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने (1:23) तेच येशूच्या जन्माला लावलं.

यावरून 'चुकीच्या भाषांतरातून कुमारीपोटी जन्माचा सिद्धांत जन्मला' असं सर्रास म्हटलं जातं. ते घाईचं आहे. उत्पत्ति 34 मध्ये शखेमने दीनेवर बळजबरी केल्यानंतरही सेप्टुअजिंट तिला 'पार्थेनोस'च म्हणतं. म्हणजे तो शब्द काटेकोर नव्हता. (आपल्या 'कुमारी'तही वय आणि अविवाहितपण असं दोन्ही येतंच की.) शिवाय दुसरा शुभवर्तमानकार लूक कुमारीपोटी जन्म सांगतो, पण हे वचन उद्धृत करत नाही. श्रद्धा नुसत्या या वचनातून निघाली असती, तर त्याने ते वगळलं नसतं.

दुसऱ्या शतकात अक्विला या ज्यू भाषांतरकाराने नवं ग्रीक भाषांतर केलं आणि 'नेआनिस', तरुणी, हा शब्द घेतला. त्याच शतकाच्या मध्यावर जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने ज्यू शिक्षकांवर शास्त्र बदलल्याचा आरोप केला. या वचनापुरता तरी तो टिकत नाही: 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत सापडलेली यशयाच्या पुस्तकाची चामड्याची हिब्रू गुंडाळी ख्रिस्तपूर्व काळातली आहे, आणि तिच्यातही 'हा-अल्मा' ('ती अल्मा') असंच लिहिलेलं आहे.