मीठ सांगणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं?

मी आमटीत मीठ घालत होतो आणि भाची इंग्रजीचं पुस्तक घेऊन ओट्यापाशी उभी होती. "मामा, 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणजे आपलं तिखटमीठ लावून सांगणं ना?" मी हो म्हणणारच होतो. मग ध्यानात आलं, हे तर बरोबर उलटं आहे. मराठीत मीठ घालतो तो सांगणारा. इंग्रजीत घालतो तो ऐकणारा. कुणी बढाया मारत असेल तर त्या जशाच्या तशा गिळू नयेत, चिमूटभर मिठाबरोबर घ्याव्यात, म्हणजे पुरता विश्वास ठेवू नये, असा त्या शब्दांचा अर्थ.

ऐकणाऱ्याच्या हाती हे मीठ कसं आलं, याचा माग बहुतेक जण थोरला प्लिनी या रोमन लेखकापर्यंत नेतात. इसवी सन ७७च्या सुमाराच्या त्याच्या निसर्गविषयक ग्रंथात विषावरच्या औषधाची एक कृती आहे. पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याचा पाडाव झाल्यावर रोमन सेनापती पाँपीला ती राजाच्या खासगी टिपणांत सापडली म्हणे. दोन सुके अक्रोड, दोन अंजीर आणि सतापाची वीस पानं एकत्र कुटायची, त्यात मिठाचा एक कण टाकायचा. उपाशीपोटी हे खाल्लं की त्या दिवसापुरतं कुठलंही विष बाधत नाही, असा दावा! हा दावाच मुळात चिमूटभर मिठाबरोबर घ्यावा असा आहे. पण प्लिनीचं मीठ अगदी खरंखुरं, जिभेला लागणारं. शंकेचा अर्थ त्याला फार नंतर चिकटला. इंग्रजीत तो १७व्या शतकात दिसतो. अमेरिकन माणूस आजही 'ग्रेन', म्हणजे कण म्हणतो, ब्रिटिश माणूस चिमूट.

असे शब्दप्रयोग ऐकताना आपण सुट्या शब्दांच्या अर्थांची बेरीज करत बसत नाही. डेव्हिड स्विनी आणि अ‍ॅन कटलर या भाषेच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना शब्दांचे गट दाखवून 'याला अर्थ आहे का' एवढंच विचारलं होतं. तशाच साध्या शब्दगटांपेक्षा वाक्प्रचार लोकांनी लवकर ओळखले. जणू तो अख्खा वाक्प्रचार डोक्यात एकाच शब्दासारखा साठवलेला असतो. मात्र सगळेच वाक्प्रचार सारखे घट्ट नसतात. 'त्यानं राम म्हटला' म्हणजे तो गेला. 'त्यानं दोनदा राम म्हटला' म्हटलं की माणूस जिवंत होऊन जप करायला लागतो. तिखटमीठ मात्र ताणता येतं: 'जरा जास्तच तिखटमीठ लावलंस.' इंग्रजांची चिमूटही अशीच हवी तेवढी मोठी करता येते.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा शब्दाला शब्द जुळतात: जखमेवर मीठ चोळणं. यात कुणी कुणाची उसनवारी केली हे शोधण्याआधी कातडीकडे बघावं. दवाखान्यात जखम धुतात तेही मिठाचंच पाणी असतं, सलाइन. त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे शरीरातल्या द्रवाशी मिळतंजुळतं, म्हणून ते फारसं झोंबत नाही. कोरडं मीठ जखमेच्या ओलाव्यात विरघळतं तेव्हा तिथे त्याच्या कैक पटींनी खारट द्रावण तयार होतं. लिटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅमपर्यंत मीठ मावतं. पाणी जास्त खारट बाजूकडे झिरपतं, या परासरणानं पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, उघड्या पडलेल्या मज्जातंतूंची टोकं चेतवली जातात, आणि माणूस कुठल्याही भाषेत कळवळतो.

समाजाची गोष्ट आली की वाटा फुटतात. इंग्रजीत कामाचा माणूस 'वर्थ हिज सॉल्ट', आपल्या मिठाच्या लायकीचा. तिथे मोजली जाते कर्तबगारी. आपण खाल्ल्या मिठाला जागतो. इथे मोजली जाते ती निष्ठा, आणि ती मोडणारा निमकहराम. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, म्हणून 'सॅलरी', ही गोष्ट सगळीकडे ऐकू येते. त्या शब्दाच्या मुळाशी मिठाचा लॅटिन शब्द आहे हे खरं, पण पगार म्हणून मीठच मोजून देत होते याला प्राचीन पुरावा नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लांबलचक मेजावर मिठाचं भांडं मानाची जागा ठरवायचं. त्याच्या अलीकडे बडी मंडळी, पलीकडे बाकीचे. म्हणून 'बिलो द सॉल्ट' म्हणजे खालच्या दर्जाचा.

साध्या, सरळ माणसाला इंग्रज 'सॉल्ट ऑफ द अर्थ' म्हणतात. हे बायबलमधलं, मत्तयाच्या शुभवर्तमानातलं. 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' असं मराठी बायबलातही आहे, पण आपल्या बोलण्यात ते रुळलं नाही. त्याच ओळीत पुढे मिठाचा खारटपणा गेला तर काय, असा प्रश्न येतो. शुद्ध सोडियम क्लोराइडचा खारटपणा जात नाही. पण मिठागरातलं जाडं मीठ पावसाळ्यात बघा. त्यातला मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल शोषतो, बरणीला पाझर सुटतो. मिठात माती किंवा जिप्सम हे पाण्यात फारसं न विरघळणारं खनिज मिसळलेलं असेल आणि असा पाझर वाहून जात राहिला, तर विरघळणारं मीठ आधी निघून जातं. मागे उरते ती पांढरट, चरचरीत, अळणी कणी.