नाक वायते तं वायू द्या

कापसाची वेचणी ऐन भरात येते तेव्हा आमच्या हिंगणघाटकडे लेकरांची नाकंही ऐन भरात असतात. धुऱ्यावरच्या निंबाला जुन्या लुगड्याचा झोका बांधलेला, त्यात दीड वर्षाचं पोरगं, आणि नाकापासून ओठापर्यंत दोन चकचकीत ओळी. ओटी रिकामी करायला आली की माय पदरानं एकदा पुसते आणि परत पातीला लागते.

मागच्या हिवाळ्यात माझी भाची असंच आपलं लेकरू घेऊन आली. हातात पिशवी, पिशवीत तीन बाटल्या. एक लाल, एक पिवळी, एक नाकात टाकायची. "मामा, चार दिवस झाले, नाक काही बंदच नाही होऊन राह्यलं." मी काही बोलायच्या आत आमची बुढी कोपऱ्यातून म्हणाली, "अवं, नाक वायते तं वायू दे ना. थे बंद काऊन करून राह्यली?"

बुढी चौथी शिकलेली. पण या एका बाबतीत विज्ञान पूर्णपणे तिच्या बाजूनं आहे.

शेंबूड म्हटलं की आपण तोंड वाकडं करतो. बाकी तो जवळजवळ सगळा पाणीच असतो. उरलेल्या थोड्याशा भागात त्याला चिकटपणा देणारी प्रथिनं, क्षार, आणि जंतूंशी लढणारा बराच दारूगोळा. 1921 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दी झाली होती. त्यानं स्वतःचाच शेंबूड जिवाणूंच्या बशीत टाकला आणि पाहतो तर आजूबाजूचे जिवाणू विरघळायला लागलेले. त्या पदार्थाला त्यानं लायसोझाइम असं नाव दिलं. पेनिसिलिनचा शोध लागला त्यानंतर सात वर्षांनी, म्हणजे या माणसाची जंतुनाशकांची वाट शेंबडातून निघाली म्हणायला हरकत नाही.

सर्दी मात्र जिवाणूंची नसते, विषाणूंची असते. त्यातल्या त्यात ऱ्हायनोव्हायरस नावाच्या कुटुंबाची, आणि या कुटुंबात 160 हून जास्त भावंडं आहेत. एकाशी लढून शरीर शहाणं झालं तरी बाकीचे दारात उभेच. म्हणून पाच-सहा वर्षांच्या आतल्या धडधाकट लेकराला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं ही रीतच आहे. एकेक सर्दी आठ-दहा दिवसांची, कधी दोन आठवड्यांची. गुणाकार करून पाहा. वर्षातले सत्तर-ऐंशी दिवस नाक गळणारं पोरगं आजारी प्रकृतीचं नसतं, ते फक्त अंगणवाडीत जाणारं असतं.

विषाणू नाकाच्या अस्तरात शिरले की तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी झिरपतं, ग्रंथी जोमानं शेंबूड तयार करतात. अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी केसांची लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून हा सगळा थर घशाकडे ढकलत राहते, वाऱ्यावर गव्हाचं वावर हलावं तशी. पहिल्या दोन-तीन दिवसांत नाक पाण्यासारखं वाहतं, मग घट्ट पिवळं-हिरवं होतं. हिरवं दिसलं की घरचे घाबरतात आणि अँटिबायोटिक मागतात. तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. त्यांच्यात लोह असलेलं एक हिरवट विकर असतं, ते मेलेल्या पेशींबरोबर बाहेर पडतं. नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग ओळखता येत नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

मग त्रास कशाचा? चोंदण्याचा. लेकराची नाकपुडी आधीच ज्वारीच्या धांड्याएवढी नाही. सरळ नळीची त्रिज्या निम्मी झाली की तेवढीच हवा आत घ्यायला सोळापट जोर लागतो, असं भौतिकशास्त्राचं गणित आहे. नाक काही सरळ नळी नाही, पण अस्तराला थोडी सूज आली की मोठ्यांचं भागतं आणि लहानग्याचा जीव कासावीस होतो तो यामुळेच. तान्ही बाळं तर बहुतेक श्वास नाकानंच घेतात. अंगावर पिताना तोंड बंद, नाकही बंद, म्हणून ती दर दोन घोटांनी स्तन सोडून रडतात. शिंकरणं ही तर शिकायची गोष्ट आहे, बहुतेकांना ती दोन-तीन वर्षांनंतरच जमते. भाचीच्या पोराला आम्ही आरसा धरून शिकवलं, तोंड मिटून नाकानं आरशावर वाफ काढायची. पहिल्या दिवशी त्यानं आरसाच चाटला.

म्हणजे काम एवढंच की शेंबूड पातळ ठेवायचा आणि त्याला वाट करून द्यायची. याला सगळ्यात चांगलं औषध मिठाचं पाणी. औषधाच्या दुकानात सलाइनचे नाकाचे थेंब स्वस्तात मिळतात. फक्त मागताना 'नुसतं सलाइन' म्हणा, कारण नाक मोकळं करणारे औषधी थेंब अगदी तशाच बाटलीत येतात आणि ते लहान लेकरांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालायचे नाहीत. घरी करायचं असेल तर पाव लिटर पाणी खळखळ उकळून गार करा, त्यात चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ, त्याहून थोडं कमीच. चव घ्या. आसवांइतकं खारट लागलं पाहिजे, त्याहून जास्त नाही. रोज नवं करायचं. दूध पाजायच्या आणि झोपवायच्या आधी प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, मिनिटभर थांबून मऊ सुती कापडानं पुसायचं. नाकाखालची कातडी पुसून पुसून सोलवटली असेल तर तिथे बाहेरून थोडं व्हॅसलीन.

एडिंबरो विद्यापीठाच्या गटानं सहा वर्षांपर्यंतच्या 407 मुलांचा अभ्यास 2024 साली मांडला. ज्यांना सर्दीत मिठाच्या पाण्याचे थेंब दिले त्यांची सर्दी सरासरी सहा दिवसांत आटोपली, बाकीच्यांची आठ दिवसांत. त्यांचं पाणी घरच्या सलाइनपेक्षा जास्त खारट होतं, ते मापानं बनवलेलं, त्याची नक्कल घरी करू नये. संशोधकांच्या मते मिठातला क्लोराइड वापरून पेशी आतल्या आत जंतुनाशक तयार करतात. दोन दिवस म्हणजे फार नव्हे, असं कोणाला वाटेल. ज्यांनी चोंदलेल्या नाकाचं पोरगं घेऊन रात्र काढली आहे त्यांना विचारा.

आता बुढीच्या विरोधात बोलायची वेळ. नाकात जवसाचं किंवा खोबऱ्याचं तेल सोडायची रीत आमच्याकडे अजून आहे. तेल घशाकडे न जाता श्वासनळीत उतरलं तर फुप्फुसात साचून राहतं आणि त्याचा वेगळाच न्यूमोनिया होतो. कापूर नाकाला हुंगवायचा, छातीला चोळायचा, हेही दोन वर्षांच्या आत नको. पोटात गेला तर थोड्याशा कापरानंही झटके येतात. गरम पाण्याच्या गंजाची वाफ लेकराला देऊ नये, ते गंज उलटवतं आणि भाजतं. आणि धुरी! ओवा-वेखंडाची असो की चुलीतल्या पऱ्हाट्या-तुराट्यांची, धूर तो धूर. नाकातली ती लव धुरानं मंदावते, म्हणजे जो मजूर नाक साफ करतो त्यालाच आपण झोपवतो. स्वयंपाकाच्या वेळी लेकरू चुलीपासून लांब, ओसरीत ठेवलं तरी पुष्कळ झालं. संत्र्यानं सर्दी होते म्हणाल तर ते निर्दोष आहे. अंबिया बहाराचं फळ नेमकं सर्दीच्या मोसमात बाजारात येतं, त्यामुळे बिचाऱ्यावर आळ आला.

राहिल्या त्या तीन बाटल्या. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन हे सर्दीच्या औषधातलं नेहमीचं जोडपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. मग 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपनं वीसहून जास्त लेकरं गेली. त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, मूत्रपिंडं निकामी करणारं रसायन. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याचं औषध द्यायचंच नाही, आणि पाच वर्षांपर्यंत सहसा नाही. विषारी बाटली हा अपघात म्हणा, गुन्हा म्हणा. पण चांगल्या बाटलीनंही एवढ्या लहान लेकरांची सर्दी लवकर बरी होते असा पुरावा नाही. ताप आणि अंगदुखी असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, अंगावरचं दूध, पातळ वरण. वर्षाच्या पुढच्या लेकराला खोकल्यासाठी रात्री अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मध बोटानं चाटवायलाही नको, त्यातून बॉट्युलिझम नावाची जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचं वाहत असेल तर ती सर्दी नव्हे. आत तुरीचा, सोयाबीनचा दाणा नाही तर मणी असणार. खेळण्यातली बटणासारखी बॅटरी गेल्याची शंका आली तर त्याच तासाला दवाखाना.

खरं लक्ष ठेवायचं ते छातीवर, आणि हे आपल्या गडचिरोलीनं जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांतल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. निरक्षर बाईलाही श्वास मोजता यावा म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन तयार केलं, दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी निघाले. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

मोजायचं लेकरू शांत असताना, शक्यतो झोपेत, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, वर्ष ते पाच वर्षांत 40. तेवढे किंवा त्याहून जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, लेकरू पीत नसेल, सुस्त पडलं असेल, झटका आला असेल, तर घरचे उपाय सोडून 108 ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरी वाट पाहू नका.

त्या रात्री भाचीच्या पोराचा सदरा वर करून आम्ही तिघं बसलो. मोबाइलमध्ये मिनिट लावलं. भाची मनात मोजत होती, मी बोटांवर, आणि बुढी ज्वारीचे दाणे ताटलीत टाकत. माझे तीस आले, भाचीचे एकतीस. बुढीच्या ताटलीत एकतीस दाणे निघाले. तिनं ते परत सुपात ओतले, पोराचं नाक लुगड्याच्या पदरानं पुसलं आणि म्हणाली, "झोपू द्या आता त्याले."