घोड्याला डाग देणे

लंगडणाऱ्या घोड्याच्या दुखऱ्या पायावर लालबुंद तापवलेल्या सळईने रेघा किंवा ठिपके भाजण्याचा हा जुना उपचार. बिब्बा लावून कातडीवर फोड आणणे हाही त्याच जातीचा. जुनी, मुरलेली सूज भाजून ताजी केली की तिकडे रक्त धावते आणि पाय बरा होतो, अशी त्यामागची समजूत होती. भाजल्या जागी पुढे केस उगवत नाहीत किंवा पांढरे उगवतात, त्यामुळे डागलेल्या नडगीवरची जाळी घोडा मरेपर्यंत दिसते.

इंदूरच्या मराठी माणसाला हे शब्द परके नाहीत. होळकरांची सत्ता घोडदळावर उभी राहिली आणि पागेबरोबर मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), नालबंद, सालोत्री (घोड्यांचे वैद्य) आले. संस्थान गेल्यावर तांगे होते, आता वरातीची घोडी आणि बग्ग्या आहेत.

डाग देणारा माणूस क्रूर असतोच असे नाही. बहुतेकदा तो जनावरावर जीव टाकणारा असतो आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. वरच्या ओठाला दोरीचा फास आवळला की घोडा निमूट उभा राहतो, आणि त्या निमूटपणालाच सोसण्याची ताकद समजले गेले. घोडा हा शिकार होणारा प्राणी. दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच आहे. मागे ओढलेले ताठ कान, आखडलेले डोळे, ताणलेल्या नाकपुड्या आणि आवळलेले तोंड यांवरून घोड्याची वेदना मोजण्याची पद्धत 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. हे चेहरे पागेत पूर्वीही होतेच.

उपयोगाचे म्हणाल, तर ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 1983 मध्ये कंडरेच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या) दुखापतींवर केलेल्या अभ्यासात डागण्याचा फायदा दिसला नाही. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या नियामक संस्थेने 1991 मध्ये हा उपचार अनैतिक ठरवला. डागल्यावर घोडा महिनोन्‌महिने बांधून ठेवत. बरे करी ती विश्रांती, नाव होई सळईचे. तोंडातल्या टाळूला डाग देणे तर आणखी वाईट. दात येताना तरुण घोड्याच्या वरच्या दातांमागचा भाग आपसूक फुगतो. तो रोग मानून डागला किंवा कापला जाई. तिथे बरे करण्यासारखे काही नव्हतेच.

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 जनावराला अनावश्यक वेदना देणे गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे 10 ते 50 रुपये. विहित पद्धतीने डागण्याला याच कायद्यात सूट आहे, पण ते डागणे ओळखीच्या खुणेचे. उपचार म्हणून डाग देणाऱ्याने त्या सवलतीआड लपू नये.

कंडरा दुखावली तर आज थंड पाण्याची धार, पट्टी, वेदनाशामक औषध आणि दीर्घ विश्रांती देतात. इंदूरजवळ महू येथे 1955 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यामुळे ज्ञान लांब नाही. अडते ते विश्रांतीपाशी. एका घोड्यावर घर चालवणाऱ्याचा घोडा उभा राहिला की चूल थंडावते, चंदीचा, म्हणजे दाण्याचा, खर्च मात्र थांबत नाही. डाग बंद करा म्हणणाऱ्याने त्या महिन्यांच्या चंदीचाही विचार करायला हवा.