मिठाने झाडाचा बुडखा कुजतो का?

‘तोडलेल्या झाडाच्या बुडख्याला भोकं पाडून मीठ भरा, महिन्याभरात तो कुजून जाईल,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण मिठाने जिवंत झाड खरंच वाळतं. पण वाळणं वेगळं, कुजणं वेगळं.

लाकूड कुजवते ती मुख्यतः बुरशी. तिला ओल, हवा आणि थोडं नत्र लागतं. भरपूर मीठ पाणी ओढून घेतं, म्हणजे बुरशीचीच वाढ अडते. शिवाय ते पावसाबरोबर मातीत उतरून शेजारच्या रोपांना मारतं. माझ्या मते खरं नुकसान हेच.

पडताळायचं असेल तर एकाच फांदीचे दोन तुकडे दोन कुंड्यांत पुरा. एका कुंडीतल्या मातीत भरपूर मीठ मिसळा, दोन्ही ओलसर ठेवा. काही महिन्यांनी दोन्ही तुकड्यांत स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा.

घाई असेल तर ग्राइंडर मशीन बरं. त्याचं दातेरी चाक बुडखा जमिनीखाली साधारण १५ ते ३० सेंटीमीटर खरवडतं. खोल मुळं मात्र तशीच राहतात. काही जातींना त्यातून फुटवे येतात, ते छाटत राहावे लागतात. खड्ड्यातला भुसा काढून माती भरा, नाहीतर पुढे जागा खचते.