शिकारी रायफल, अर्धस्वयंचलित (जुनी)

चाप एकदा ओढला की एकच बार निघतो. रिकामे काडतूस बाहेर फेकणे व नवे आत घेणे ही कामे मात्र त्याच बाराच्या जोरावर होतात, अशा रचनेची रायफल. वन्यजीव संरक्षण अधिनियम (१९७२) आल्यापासून बेळगाव भागातील परवानाधारकाच्या घरी जुनी रायफल असली तरी तिचा प्रश्न शिकारीचा नसून जतनाचा आहे.

उगमाबाबत एकमत नाही. शस्त्रसंशोधक हायरम मॅक्सिमने १८८३-८४ च्या सुमारास बाराच्या मागच्या धक्क्यावर चालणारी जोडणी विंचेस्टर रायफलीला बसवली. फर्डिनांड मानलिखरची १८८५ ची रायफल मुळातच त्या तत्त्वावर रचलेली असल्याने तिला अग्रमान देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र तीही प्रयोगावस्थेतच राहिली. मोठ्या काडतुसाच्या शिकारी रायफलींत ‘विंचेस्टर मॉडेल १९०५’ ही आधी विक्रीस आली, रेमिंग्टन मॉडेल ८ साधारण १९०६ मध्ये. दुसरीचा आराखडा जॉन ब्राउनिंगचा. त्याचे एकस्व (पेटंट) १९०० चे, म्हणून या दोहोंत कल्पनेचा मान त्याच्याकडे जातो. विंचेस्टरचा बोल्ट (काडतुसामागचा सरकता अडसर) कुलूपबंद होत नाही, केवळ वजनाने दाब पेलतो. मॉडेल ८ मध्ये नळी व बोल्ट मिळून मागे सरकतात.

बाराच्या वायूवर चालणाऱ्या रेमिंग्टन ७४२ मध्ये (१९६०–८०) बोल्टची वाट झिजली की दुरुस्ती जवळजवळ अशक्य. काडतूस अडकू लागले की आधी नळीचा मागचा कोठा तपासावा. तेथील बारीक गंजही रिकामे काडतूस धरून ठेवतो.

खानापूर-कणकुंबीच्या पावसात गंज हाच मोठा शत्रू. जुन्या काडतुसांच्या टोपीतील (बुडाच्या, ठिणगी देणाऱ्या भागातील) पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत क्षार उरतो व तो हवेतील ओल ओढतो. क्षार तेलात विरघळत नाही. नळी आधी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी, मगच तेलाची चिंधी फिरवावी. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावात निवृत्त जवानांना पुलथ्रूची (नळीतून चिंधी ओढायच्या दोरीची) सवय असते, पण तेल जास्त झाले तर वायूच्या भागांत काजळी धरते आणि दस्त्याचे लाकूड मऊ पडते. रायफल चामडी पिशवीत ठेवू नये. चामडे ओल धरते.

निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करावे लागल्यास आधी तेलाचा पातळ हात द्यावा. परत मिळताच नळी पुसून उजेडाकडे धरून पाहावी.