क्रेनचा रिमोट घेण्याआधी तुमच्या ऑपरेटरला गेम खेळू द्या

ईओटी क्रेनचा (शेडमध्ये वर रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेनचा) पेंडंट, म्हणजे वायरला लटकणारा बटणांचा डबा, काढून जॉयस्टिकचा रिमोट बसवायचा म्हटलं की चौकशी होते ती रेंजची, बॅटरीची आणि किमतीची. तो हाताला कसा बसतो, हे कळेपर्यंत हुकाला खरा माल लटकलेला असतो. म्हणून आमच्या रबाळेच्या वर्कशॉपमध्ये रिमोट आधी संगणकाला जोडून त्यावर गेम खेळून घेतो. खेळणारा तुमचाच ऑपरेटर असावा, हा आमचा आग्रह.

पडद्यावर दोराला लटकलेला माल आणि खाली एक चौकोन. माल न झुलवता त्या चौकोनात टेकवायचा. झोका मात्र खऱ्यासारखा: 6 मीटर दोरावर एका येरझाऱ्याला साधारण 5 सेकंद लागतात, मग माल एक टन असो की दहा. मुरलेला ऑपरेटर माल पुढे झुलला की ट्रॉली (हुक वाहणारी वरची गाडी) बरोबर त्याच्या डोक्यावर नेतो आणि झोका तिथेच मरतो. त्यासाठी दांडी केसभरच हलवावी लागते. डेडबँड, म्हणजे दांडी हलूनही क्रेन दाद देत नाही तो मधला पट्टा, मोठा असेल तर दांडी हलते, ट्रॉली हलत नाही. तो आणखी ढकलतो आणि ट्रॉली झटक्यात सुटते. दांडी आणि ट्रॉलीच्या हालचालीच्या आलेखावर हे लगेच दिसतं आणि त्यानुसार आम्ही सेटिंग बदलून देतो.

नुसत्या स्कोअरवर जाऊ नका. मोबाइलवर गेम खेळणारा हेल्पर कधीकधी जुन्या ऑपरेटरलाही मागे टाकतो, म्हणून माणसांची तुलना आम्ही करत नाही. ज्या दोन रिमोटमधून निवडायचं ते दोन्ही एकाच माणसाला देतो. दुसऱ्या खेपेला हात आपोआप सुधारतो, तेव्हा अर्ध्या जणांना क्रम उलटा. चौकोन लहान केला किंवा लांब नेला की वेळ वाढतोच, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 सालीच मांडलं आहे. त्यामुळे माप आणि अंतर दोन्ही रिमोटना सारखंच ठेवतो.

'मग गेमचाच कंट्रोलर बसवा की, स्वस्तात पडेल,' असं बरेच जण म्हणतात. अमेरिकी नौदलाने 2018 मध्ये सेवेत घेतलेल्या कोलोरॅडो पाणबुडीवर एक्सबॉक्सचा कंट्रोलर आहे, पण तो बाहेरचं पाहण्याचा मास्ट (कॅमेऱ्यांचा खांब) फिरवायला. माणसांच्या डोक्यावरून माल नेणाऱ्या क्रेनला आम्ही तो कदापि लावणार नाही.

इमर्जन्सी स्टॉप आणि सिग्नल तुटल्यावर क्रेन थांबते का, हे गेममध्ये तपासता येत नाही. ते तुमच्या शेडमध्ये, आधी रिकाम्या हुकावर करतो.

येताना दोन वेगवेगळ्या शिफ्टचे ऑपरेटर आणा, आणि त्यांचे रोजचे, वापरलेले हातमोजेही.