नवजात बाळाचे आतडे बंद असेल तर: मोफत शस्त्रक्रियेसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

बाळाला हिरवी उलटी झाली, पोट फुगले किंवा जन्मानंतर २४ तासांत काळी शी झाली नाही, तर आतड्यात अडथळा आहे असेच धरून चालावे. आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत त्याचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून आधी बाळाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचे. कागद मागाहून दिले तरी चालतात, मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत तशी सोय आहे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी, पांढरे अशा सर्व रेशनकार्डांवर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. मात्र रुग्णालय योजनेत असणे पुरेसे नाही. अंगीकरण, म्हणजे रुग्णालयाला योजनेत घेणे, विभागनिहाय होते. निघण्यापूर्वी योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा: त्या रुग्णालयात बालशल्यक्रिया (लहान मुलांची शस्त्रक्रिया) या योजनेतून होते का? नवजात अतिदक्षता विभागात खाट आहे का? हे न विचारल्याने बाळाला दोन-तीन दारे फिरावी लागतात आणि तेवढ्यात ते गारठते.

१०८ ची गाडी येईपर्यंत दूध पूर्ण बंद. डॉक्टरांकडून नाकातून पोटात नळी आणि सलाईन लावून घ्या, बाळाला उबेत ठेवा. संदर्भ चिठ्ठीवर (दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना डॉक्टर देतात ती) जन्मवेळ, वजन आणि व्हिटॅमिन के दिल्याची नोंद हवी. आई सोबत येऊ शकत नसेल तर तिच्या रक्ताचा नमुना, नळीवर नाव लिहून, नक्की पाठवा. बाळासाठी रक्त जुळवताना तो लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.

पोहोचल्यावर एकाने डॉक्टरांकडे थांबावे, दुसऱ्याने आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाला, गाठावे. तातडीच्या रुग्णासाठी रुग्णालय फोनवरून मंजुरी घेते. कागदपत्रे ७२ तासांत द्यायची असतात. बाळाचे नाव रेशनकार्डावर नसतेच. त्याऐवजी जन्मदाखला, पालकाचे रेशनकार्ड व आधार, आणि पालकासोबत बाळाचा फोटो द्यावा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते, पण इथे तेवढे थांबू नका. प्रसूती झाली त्या रुग्णालयाकडून जन्माची नोंद त्याच दिवशी पाठवून घ्या.

अर्ज अडतो तो बहुधा नावावरून. बाळंतपण माहेरी, आईचे नाव अजून माहेरच्या कार्डावर, आणि केसपेपरवर ‘बेबी ऑफ’पुढे सासरचे नाव. अशा वेळी वडिलांचे कार्ड लावणे सोपे जाते. जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावे आधारप्रमाणे आहेत ना, हे तिथेच तपासा.

बंद भाग काढून आतडे जोडणे एकाच शस्त्रक्रियेत होऊ शकते. गुदद्वार नसेल तर मात्र अनेकदा आधी पोटावर शीची वाट काढतात आणि पुढच्या शस्त्रक्रिया काही महिन्यांनी होतात. त्या प्रत्येक टप्प्याची पूर्वपरवानगी वेगळी घ्यावी लागते. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि एक्स-रे एका फाइलमध्ये जपा. घरी सोडल्यानंतरच्या १० दिवसांतील तपासणी व औषधेही मोफत आहेत. कुठल्याही टप्प्यावर पैसे मागितले तर पावती घ्या आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा.